टार्गेट, केस आणि बार्शीचा ट्रक

२५ जून आला की आणीबाणीच्या पोस्टींचा रतीब सुरू होतो. मिसा (विनाचौकशी आत टाकायचा कायदा), येरवडा, नाशिक रोड जेल, सेन्सॉरची कात्री, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनातल्या दुर्गाबाई भागवत, भूमिगत समाजवादी नेत्या मृणाल गोरे. सगळं खरं आहे आणि सांगितलंही पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पोस्टीखाली हमखास कुणीतरी काका येतात आणि लिहितात की काही म्हणा, ट्रेन तरी वेळेवर धावायच्या, हापिसात बाबू जागेवर सापडायचे, आणि ती नसबंदी, जरा जास्त झालं हे मान्य, पण तेव्हा नीट पूर्ण केलं असतं तर आज ही गर्दी नसती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या वेळी हे लिहिणाऱ्यांना सतरा जणांनी अंगठा दिला. त्यात डॉक्टर होते, दोन निवृत्त बँकवाले होते. म्हणून म्हटलं आज त्या "जरा जास्त झालं" वरच लिहू.

नसबंदी म्हटलं की आपल्या डोक्यात दिल्ली येते, संजय गांधी येतात, उत्तर प्रदेश-हरयाणा येतं. म्हणजे तिकडचं काहीतरी. महाराष्ट्र कसा सुसंस्कृत, इथे असलं नाही झालं, असा एक सूर असतो. तर बार्शीपासून सुरू करतो.

बार्शी, सोलापूर जिल्हा. ज्वारी-तुरीची मोठी बाजारपेठ, भगवंताचं मंदिर, तेव्हा नॅरोगेजची बार्शी लाईट चालू होती. आता आसपासचे लोक दवाखान्यांसाठी बार्शी गाठतात. जानेवारी १९७६ मध्ये इथल्या नगरपालिकेने नसबंदीची मोहीम काढली, दहा दिवसांत हजार ऑपरेशनं करायची. पहिले दोन दिवस कुणी फिरकलंच नाही. मग नगरपालिकेचे कचरा वाहायचे ट्रक बाहेर काढले, ते गावभर फिरवले, आणि रस्त्यात जो पुरुष दिसेल त्याला धरून ट्रकमध्ये घालायला सुरुवात केली. बाजाराच्या गावात बाहेरगावचे शेतकरी असणारच, कुणी माल घेऊन आलेलं, कुणी बियाणं न्यायला, ते सगळ्यात सोपे सापडले कारण त्यांना सोडवायला येणारं ओळखीचं कुणी गावात नव्हतं. धरायचं, न्यायचं, कापायचं, सोडून द्यायचं. लग्न झालंय का, पोरं किती, आधी ऑपरेशन झालंय का, हे बघायला वेळ कुणाला होता, दहा दिवसांत हजार करायचे होते ना.

आता तारीख बघा. जानेवारी १९७६. केंद्राचं लोकसंख्या धोरण जाहीर झालं १६ एप्रिल १९७६ ला. म्हणजे वरून लेखी काही यायच्या आधीच आमच्या एका नगरपालिकेला हे सुचलं होतं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते तर याची. मशीनगन नाही, हुकूमशहाचं भाषण नाही, गावातलेच लोक, गावातलाच ट्रक, रोज कचरा उचलणारा ड्रायव्हर.

आणि पुरुषच का? तर पुरुषाच्या नसबंदीचं ऑपरेशन लोकल भूल देऊन काही मिनिटांत होतं, पोट उघडावं लागत नाही, टेबलं लावली की शाळेच्या वर्गात, मंडपात, कुठेही कॅम्प उभा राहतो. मुंबईत तर साठच्या दशकाच्या शेवटीच डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं सुरू केली होती, लोकलमधून उतरा, ऑपरेशन करून घ्या, घरी जा. त्या वेळी ते मर्जीचं होतं, निदान कागदावर तरी. हेच पै पुढे आणीबाणीच्या काळात अशा अर्थाचं बोलले की हे युद्ध समजा, उत्साहाच्या भरात काही गोळ्या चुकीच्या लागणारच, थोडे लोक मरतीलही. डॉक्टर माणूस. मला वाटतं त्यांना खरंच देशाचं भलं करायचं होतं, आणि तेच जास्त धोकादायक.

बरं, वरून खाली हे यायचं कसं? केंद्राचे आरोग्यमंत्री होते करण सिंह. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताची भूमिका होती की विकास हेच सगळ्यात चांगलं गर्भनिरोधक. दोन वर्षांनी त्याच करण सिंहांचं धोरण सांगत होतं की शिक्षण आणि विकासाची वाट बघत बसायला वेळ नाही. राज्यांच्या योजनांना केंद्राकडून जी मदत मिळते तिच्यातला ८ टक्के हिस्सा कुटुंब नियोजनाच्या कामगिरीला बांधला. ज्या राज्याला सक्तीचा कायदा करायचा असेल त्याने करावा, केंद्र आड येणार नाही. आणि १ मे १९७६ पासून ऑपरेशनचे पैसे वाढवले: दोन पोरांवर केलं तर १५० रुपये, तीनवर १००, चार किंवा जास्त असतील तर ७०.

राज्याला टार्गेट आलं की राज्य ते जिल्ह्याला वाटून देणार, जिल्हा तालुक्याला, तालुका प्रत्येक खात्याला. आणि खातं म्हणजे फक्त आरोग्य खातं नव्हे. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, ज्याचा ज्याचा पगार सरकारी तो कामाला. माणूस आणला की त्याला "केस" म्हणायचे. किती केसेस झाल्या? तुमच्या दोन केसेस कमी आहेत.

माझ्या आईचे मामा सोलापूर जिल्ह्यातच झेडपीच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडून हे मी लहानपणी गंमत म्हणून ऐकलंय, कारण ते गंमत म्हणूनच सांगायचे, सुपारी कातरत. शिक्षण विस्तार अधिकारी आले, रजिस्टर बघितलं नाही, पोरांना एक प्रश्न विचारला नाही, थेट म्हणाले मास्तर केस कुठाय, केस आल्याशिवाय पगारबिल पुढे जाणार नाही. घरात खाणारी तोंडं आठ. मामा वस्तीवरच्या एका माणसाकडे गेले, त्याची दोन पोरं यांच्याच शाळेत. तो म्हणाला, "गुरुजी, बायकू जाऊन दोन वर्सं झाली, आता कशाला वो कापाकापी?" मामा म्हणाले, "अरे पैसे मिळतील, आन माझा पगार निघंल." तो गेला. पोरांचे गुरुजी सांगतायत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. फॉर्मवर अंगठा घेतला, फॉर्म छापील, त्यात राजीखुशीने करत असल्याचं लिहिलेलं. मामांचा पगार निघाला. एका विधुराची नसबंदी करून भारताची लोकसंख्या नेमकी किती कमी झाली हा हिशोब मामा सुपारी तोंडात टाकून आम्हाला विचारायचे आणि सगळे हसायचे. तो माणूस मग तीन-चार महिने कामाला जाऊ शकला नाही, जखम चिघळली होती, हे मात्र मामीने सांगितलं, मामांनी नाही.

यात जुलूम कुणी केला सांगा. विस्तार अधिकाऱ्याला वरून तार. वरच्याला त्याच्या वरून. मामांनी तर हात जोडूनच विनंती केली होती. कुणी कुणाच्या अंगावर हात टाकला नाही आणि तरी एका माणसाच्या शरीरावर त्याला नको असलेली सुरी चालली. सरकारी जबरदस्ती म्हटलं की आपण पोलिसाची काठी शोधतो, पण काठी शेवटच्या माणसासाठी राखून ठेवलेली असते, जो कशालाच ऐकत नाही त्याच्यासाठी. बाकीच्यांना पगारबिल पुरतं, बदली पुरते, रेशन कार्ड पुरतं.

आणि ही काठी शेवटी कशी निघते ते बघायचं तर हरयाणातलं उत्तावर गाव. मेवाती मुसलमानांचं गाव. लोकांनी कॅम्पला जायला नकार दिला म्हणून आधी गावची वीज तोडली. मग ६ नोव्हेंबर १९७६ ला पहाटे, अंधारातच, पोलिसांनी गावाला वेढा घातला आणि लाऊडस्पीकरवरून पुकारा केला की पंधरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांनी बाहेर येऊन जमायचं. शेकडो माणसं गाडीत घालून नेली, चौकशी केली आणि त्यातल्या "लायक" लोकांची नसबंदी केली. दिल्लीत तुर्कमान गेट त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झालं, घरांवर बुलडोझर आणि विरोध करणाऱ्यांवर गोळीबार. मुझफ्फरनगरला ऑक्टोबरमध्ये नसबंदीच्या विरोधातल्या जमावावर गोळीबार. यातलं तेव्हा पेपरात किती आलं? सेन्सॉर होता, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात काय चाललंय तेही लोकांना फक्त अफवेतून कळत होतं, आणि मग अफवाही अशा की शाळेत लस टोचायला कुणी आलं तरी आयाबाया पोरं घेऊन शेतात पळायच्या.

आता महाराष्ट्राचा खरा पराक्रम. सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं देशातलं पहिलं राज्य कोणतं? आपलं. १९७६. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारं विधेयक. तीन जिवंत मुलं झाली की ठरावीक मुदतीत नवराबायकोपैकी एकाने ऑपरेशन करून घ्यायचंच, पुरुष ५५ वर्षांपर्यंत आणि बाई ४५ पर्यंत, तिन्ही मुलं एकाच लिंगाची असतील तर चौथ्याची सवलत (म्हणजे तीन मुली झाल्या तर मुलासाठी अजून एक चान्स, सरकारलाही घरची सासू कळते), आणि नाही केलं तर तुरुंग. दोन्ही सभागृहांत पास झालं. विरोधी बाकांवरचे बरेच लोक तेव्हा तुरुंगात होते हे लक्षात घ्या. फुले-आगरकर-कर्व्यांचं नाव घेणाऱ्या राज्यात. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यासाठी कॉलेजातली नोकरी सोडली, त्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटले भरले गेले, आणि त्यांचं म्हणणं काय होतं, तर हा माणसाच्या स्वतःच्या मर्जीचा प्रश्न आहे, बाईच्या मर्जीचा तर आधी. पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच राज्याने तो प्रश्न घेतला आणि त्यातली मर्जी तेवढी काढून टाकली.

हे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि तिथेच राहिलं. मग निवडणुका आल्या. नाहीतर आमच्या आईबापांच्या पिढीतल्या किती जणांना नोटीस आली असती देव जाणे, माझे वडील पाच भावंडांतले, म्हणजे आजोबांचा नंबर नक्की होता.

ज्यांना हे "नीट पूर्ण" व्हायला हवं होतं त्यांच्यासाठी आकडे. १९७५-७६ मध्ये देशभरात सुमारे २६ लाख ऑपरेशनं झाली. १९७६-७७ चं टार्गेट होतं साधारण ४२ लाख, झाली ८१ लाख. टार्गेटच्या जवळपास दुप्पट! सरकारी कुठली योजना कधी टार्गेटच्या दुप्पट झालेली ऐकलीय का? विहिरी दुप्पट झाल्या, शाळाखोल्या दुप्पट झाल्या, असं? आणीबाणीनंतर न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग बसला, त्यांच्यापुढे नसबंदीशी संबंधित १७७४ मृत्यूंची नोंद आली आणि लग्न न झालेल्यांची नसबंदी केल्याच्या ५४८ तक्रारी. हे फक्त राज्यांनी कळवलेले. जे सरकार मंडपात कापत होतं त्यालाच मग विचारायचं किती मेले, तर ते किती सांगणार?

नोव्हेंबर १९७६ मध्ये, म्हणजे उत्तावर ज्या महिन्यात झालं त्याच महिन्यात, जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा भारतात आले आणि भारत अखेर लोकसंख्येचा प्रश्न मनावर घेतोय म्हणून खूश झाले. बाहेरून शाबासकी, आतून टाळ्या. हे मुद्दाम सांगतोय कारण "हुकूमशाही फक्त एका घराण्याने केली" हे म्हणणं फार सोयीचं आहे. शिकलेल्या लोकांना हा कार्यक्रम मनापासून आवडला होता. गरिबाला फार पोरं होतात, म्हणून तो गरीब राहतो, आणि तो ऐकत नाही म्हणून त्याला ऐकवावं लागतं, एवढी साधी मांडणी, आणि ऐकवला जाणारा माणूस आपण नाही याची खात्री. सोसायटीतल्या त्या सतरा अंगठ्यांमध्येही हीच खात्री आहे. आपल्याला कुणी कचऱ्याच्या ट्रकमध्ये घालणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

१९७७ च्या मार्चमध्ये लोकांनी उत्तर दिलं. उत्तर प्रदेशात ८५ पैकी काँग्रेसची एकही जागा नाही, बिहारमध्ये ५४ पैकी एकही नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी २० काँग्रेसला मिळाल्या, म्हणजे इथे राग होता पण तेवढा नाही. यावर बरेच जण म्हणतात की बघा इथे तेवढं झालं नव्हतं. मला नाही तसं वाटत, मला वाटतं इथे ते मास्तर-ग्रामसेवकांच्या मार्फत, ओळखीपाळखीतून, गोडीगुलाबीने जास्त झालं आणि गोडीगुलाबीचा राग कुणावर काढायचा ते मतपेटीपुढे कळत नाही. हा माझा अंदाज, पटलं तर घ्या.

यानंतर जे झालं ते कमी लोक सांगतात. पुरुष नसबंदी हा शब्दच राजकारणात विषारी झाला. १९७७-७८ मध्ये ऑपरेशनं ८१ लाखांवरून दहा लाखांच्या खाली आली. पण टार्गेट ही गोष्ट सरकारी यंत्रणेत मरत नाही, ती दुसरं शरीर शोधते. ते बाईचं सापडलं. ज्या ऑपरेशनला पुरुषापेक्षा जास्त जोखीम, ते तिच्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये बायकोची नसबंदी झालेली जवळपास ३८ टक्के आणि नवऱ्याची ०.३ टक्के. कुठल्याही गावात विचारा, "ऑपरेशन झालंय" म्हणजे सुनेचं, हे न सांगता कळतं. आणि मतपेटीतून राग काढायला इथे पुरुष चिडलेला नव्हता, त्यामुळे सरकारं पडली नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या खासगी हॉस्पिटलात कॅम्प लावला, काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं, एक डॉक्टर. डझनभराहून जास्त बायका मेल्या. त्या डॉक्टरचा त्याच वर्षी भरपूर ऑपरेशनं केली म्हणून सरकारी सत्कार झाला होता. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत असले कॅम्प बंद करा म्हणून सांगितलं. १९७६ आणि २०१४ मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर, पण रांग तीच, घाई तीच आणि रजिस्टर तेच.

आपल्याकडे महाराष्ट्रात आता ट्रक नाही, नियम आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढता येत नाही, निवडून आलेले असाल तर पद जातं. २००५ पासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमदार-खासदाराला मात्र ही अट नाही, कितीही पोरं असोत, विधानसभेत बसून खालच्यांसाठी नियम करता येतो. यात कुणाला बेड्या पडत नाहीत हे मान्य. पण राखीव जागेवर पहिल्यांदाच सरपंच झालेली बाई तिसऱ्या बाळंतपणामुळे घरी बसते, आणि ते बाळंतपण तिच्या मर्जीने झालेलं असतं का, हे विचारणारी चौकशी कुठल्याच कलेक्टर कचेरीत होत नाही. तक्रार करणारा बहुतेक पडलेला उमेदवार असतो, जन्मदाखला घेऊन.

राहता राहिला स्मरणाचा विषय. २०१८ पासून महाराष्ट्र सरकार आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना दरमहा मानधन देतं, मध्ये २०२० ला बंद केलं, २०२२ ला परत सुरू. घ्यावं त्यांनी, दीड-दीड वर्ष विनाचौकशी आत बसणं सोपं नव्हतं, आणि अशा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं म्हणून सुप्रीम कोर्टानेही एप्रिल १९७६ मध्ये हात वर केले होते, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. २०२४ मध्ये केंद्राने २५ जूनला 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केलं. पण ज्यांची जबरदस्तीने नसबंदी झाली त्यांच्यासाठी यातलं काय आहे? बार्शीच्या त्या ट्रकमधल्या कुणाला पत्र आलं, माफी आली, पाचशे रुपये आले, असं मी आजवर ऐकलेलं नाही. जेलमध्ये गेलेला माणूस अभिमानाने सांगतो, पुस्तक लिहितो, शाल-श्रीफळ घेतो. धरून नेऊन नसबंदी केलेला माणूस घरातसुद्धा सांगत नाही. तो शेतकरी होता, हमाल होता, त्याच्याकडे पक्ष नव्हता, आणि झालेली गोष्ट अशी की तिची गावात टिंगलच होणार.

मामांच्या त्या केसचा मुलगा आता साठीला आलाय, सोलापुरात असतो. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला तेव्हा मामांचा विषय निघाला, गुरुजी फार चांगले होते म्हणाला. मी वडिलांच्या ऑपरेशनचं विचारलं. म्हणाला, "कसलं ऑपरेशन?"